सोहन्याचा चढ

डोंगर चढणाऱ्या माणसाला स्वतःच्या पायांखेरीज कुणाचीही गरज नसते, असं बळवंतराव मानत. त्यामुळे गुडगावपुढच्या सोहन्याच्या चढावर त्यांच्या सायकलमागे हेमलताबाई पाणी, केळी आणि जिभेखाली ठेवायची गोळी घेऊन पहिल्या गिअरमध्ये गाडी चालवत होत्या. मागे मानेसरचा ट्रक हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

"भैया, आप निकल जाओ," त्यांनी काच खाली करून सांगितलं. "हमारा तो ऐसे ही चलेगा."

वळणावर बळवंतराव उतरले. ओठ पांढरे पडले होते.

"अहो, बास करा आता. डॉक्टरांनी चढ नको म्हटलंय."

"अगं, सराव नको? लेहच्या सायकल राइडला सगळा चढच आहे! दोन वर्षं झाली, नचिकेत बापाचा फोन उचलत नाही. आता एकाच राइडमध्ये आहोत म्हटल्यावर सायकलवरून पळून पळून जाईल कुठे? बोलेलच काहीतरी. तू सांगू नकोस हं त्याला. सरप्राइज आहे."

"नाही सांगत," म्हणत त्यांनी केळं सोलून नवऱ्याच्या हातात दिलं.

आदल्या दिवशीच नचिकेतचा आईला फोन आला होता. बाबांनी राइडला नाव दिल्याचं कळताच त्याने स्वतःचं काढून घेतलं होतं.