चित्ता आणि भरीत

"आजपासून रेडिओवर तुझं नाव भरीत!" स्क्वाड्रन लीडर निंबाळकरांनी जाहीर केलं आणि मेसमध्ये हशा पिकला. गार्गीने पहिल्याच लँडिंगला धावपट्टीचे दोन दिवे चिरडले होते, आणि फायटर वैमानिकांचं बारसं चुकीवरूनच होतं. निवृत्तीपर्यंत तेच चिकटतं.

"सर, तुमचं 'चित्ता' कुठल्या चुकीवरून?"

"माझं मीच ठेवलं."

महिन्याभराने सरावाच्या हवाई लढाईत गार्गी चित्त्याच्या मागे अशी लागली, की आकाशभर कोलांट्या मारूनही तो सुटेना. "फॉक्स टू," ती रेडिओवर शांतपणे म्हणाली. म्हणजे क्षेपणास्त्र सोडलं. तुम्ही मेलात, आता चहाला या.

खाली उतरल्यावर, आपल्याला कोणी पाडलं हे हरलेल्याने सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं असतं. निंबाळकरांनी तिला मेसच्या दाराबाहेरच गाठलं.

"नाव बदलून देतो. 'वीज' घे. 'रणचंडी' घे!"

"नको सर, आता भरीतच." तिने दार उघडून धरलं.

चित्ता आत जाऊन उभा राहिला. घसा खाकरला. "मला भ..."

"मोठ्याने सांगा सर, मागे ऐकू येत नाही," दारातून गार्गी म्हणाली.

"मला भरिताने पाडलं!"