पिवळे किती?

नवा टीव्ही मार्लाने एकटीने काखोटीला मारून घरात आणला, आणि तिथेच तो हॅल्व्हरच्या मनातून उतरला. जुना प्लाझ्मा टीव्ही आणला तेव्हा दोन दांडगे गडी लागले होते, तरी त्यातल्या एकाची कंबर धरली होती. पंधरा वर्षं झाली त्या टीव्हीला. आता तो मधेच डोळे मिटायचा, आणि सुटे भागच मिळत नाहीत म्हणून दुरुस्तीवाल्याने हात वर केले होते.

"बघा तरी बाबा, किती हलका आहे," मार्ला म्हणाली. रेजायनाहून दोन तास बर्फातून गाडी हाकत ती आली होती. आज बायकांच्या कर्लिंगचा, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचा, अंतिम सामना होता आणि तो आईचा चुकून चालणार नव्हता.

"दिसतंय. जुना निदान खोली तरी गरम करायचा."

आर्डिस खिडकीखालच्या पलंगावर होती. दीड वर्षापूर्वी झटका आला तेव्हापासून तिची उजवी बाजू गेली होती आणि बोलणंही. दिवसाकाठी दहा-बारा शब्द निघायचे, तेही एकेक, सुटे. पण बर्फावरून ते दगड घसरू लागले की बाई जागी व्हायची. वीस वर्षं ती गावच्या संघाची कप्तान होती. तिने बर्फाच्या रिंकवर हाळी दिली की बाहेर रस्त्यावरची कुत्री थबकायची म्हणतात. टीव्हीवर सामना लागला की पडल्या पडल्या तीच हाळी अजून यायची, आणि तेवढ्यासाठी हॅल्व्हर आठवडाभर थांबायचा.

मार्लाने तारा जोडल्या, सोफ्याच्या मधोमध बसून चित्र पारखलं आणि खूश झाली.

"आई, कसा आहे गं?"

"छान," आर्डिस म्हणाली.

सामना सुरू झाला. लाल दगड आले, पिवळे आले. दगड पुढे सरकावा म्हणून खेळणाऱ्या मुलींनी झाडूंनी बर्फ घासघास घासला. आर्डिस गप्प. अर्धा तास झाला तरी गप्पच.

"दमली असेल," म्हणत मार्ला सूप गरम करायला आत गेली.

हॅल्व्हर उठला. पलंगापाशी जाऊन, कुरकुरणारे गुडघे टेकून त्याने आपलं डोकं बायकोच्या उशीवर तिच्या डोक्याशेजारी ठेवलं आणि तिथून टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर कुणी दूध सांडल्यासारखं दिसत होतं. लाल दगड फिक्कट गुलाबी झाले होते. पिवळे तर बर्फात विरघळूनच गेले होते.

जुना घेताना दुकानदाराने घोकून ठेवलेले सगळे गुण सांगितले होते, त्यात हाही होता: कुठल्याही कोपऱ्यातून बघा, चित्र तसंच. हॅल्व्हर तेव्हा हसला होता. टीव्ही कोपऱ्यातून कोण बघतं?

"तुला दिसतच नाहीये," तो कुजबुजला.

आर्डिसने डोळ्यांनी स्वयंपाकघराकडे खूण केली. "छान," ती पुन्हा म्हणाली, पण या वेळी हळू आवाजात.

पलंग हलवायची सोय नव्हती. तिला उचलून बसवायचं यंत्र तिथल्याच छताला ठोकलेलं होतं. मग हॅल्व्हरने टीव्हीच फिरवला, तोंड सरळ पलंगाकडे करून. एका हाताने फिरला. त्याच्या हलकेपणाचा एवढा तरी उपयोग झाला म्हणायचा.

तो हीटरशेजारच्या आपल्या खुर्चीत येऊन बसतोय तोच हाळी आली.

"झाडा!"

मार्ला हातातल्या पळीसकट धावत आली आणि दारातच थांबली. दीड वर्षात तिने आईचा हा आवाज फक्त फोनवर, बाबांच्या सांगण्यातून ऐकला होता. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही.

"तुम्हाला दिसतंय ना तिथून, बाबा?"

"झकास."

पुढची दहा मिनिटं हॅल्व्हर मोठ्या रसाने पांढऱ्या पडद्याकडे बघत होता. आर्डिस वाहवा करी तिथे तोही मान डोलवी. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं, मग पुन्हा पाहिलं.

"पिवळे?" ती म्हणाली.

"काय?"

"पिवळे." थोडा दम घेऊन, "किती?"

हॅल्व्हरने डोळे बारीक केले, मान तिरकी केली. "तीन," त्याने ठोकून दिलं.

आर्डिसचा अर्धा चेहरा हसला. डाव्या हाताने तिने पलंगाची कड थोपटली.

"राहू दे गं, माझे गुडघे हीटरपाशी बरे असतात."

तिने पुन्हा थोपटली. कप्तानाने दोनदा सांगितल्यावर न ऐकण्याची त्याची कधीच छाती झाली नव्हती. तो उठला. मार्लाने उशी सरकवली आणि तो कसाबसा कडेला मावला. पडद्यावर, निशाण्याच्या वर्तुळाच्या अगदी काठाला, एकच पिवळा दगड होता.

"खोटारडा," आर्डिस म्हणाली.

"आणि तू गं? छान म्हणे!"

पडद्यावर पुढची मुलगी दगड घेऊन वाकली होती. आर्डिसने त्याची बाही मुठीत घट्ट धरली.

"आता मोज," ती म्हणाली.