निंबापासून पाचवी

मेहंदीची काडी रुजली आणि अम्मीने कादरला माफ केलं. या दोन्ही गोष्टी झाल्याच नाहीत असं धरून पुढे चालावं. कारण मार्चच्या त्या शुक्रवारी कादर जळगावच्या कब्रस्तानात उकिडवा बसला होता आणि त्याच्या हातातली काडी भिजल्या सुतळीसारखी लोंबत होती.

ही चौथी खेप.

अम्मी जानेवारीत गेली. अंगणातल्या आपल्या मेहंदीची फांदी कबरीवर लावावी, ती हिरवी राहावी, एवढंच तिचं मागणं. फांदी हिरवी तोवर खालच्याला आराम, असं मोहल्ल्यात सगळेच मानत.

कादरचा घोर वेगळा होता. शेजारच्या शकुराबीशी अम्मीचं तीस वर्षांचं वैर. पान सोडा, अम्मी तिच्यावर मेहंदीची सावलीही पडू देत नसे. शकुराबीने अंथरूण धरलं तेव्हा एकदा हात रंगवावेत असं तिच्या मनात आलं. कादरला दया आली. त्याने ओंजळभर पाला भिंतीवरून दिला आणि नेमका अम्मीने पाहिला. तेव्हापासून ती त्याच्याशी बोलली नाही. मंगळवारी शकुराबी गेली, शुक्रवारी अम्मी. मागे राहायचं नाही म्हणून गेली असावी. पण कादरशी बोलली नाही ती नाहीच.

आता बोलेल ती काडीच.

"मेली का?" धुळ्याहून मेहरुनने फोनवर विचारलं. ही त्याची धाकटी बहीण.

"कोमेजलीय."

"म्हणजे मेली. भाईजान, अम्मीचा राग उतरला नाहीये."

"ऊन आहे गं इथे."

"ऊन शकुराबीला पाला देताना नव्हतं का?"

कादर कोमेजलेली काडी रुमालात गुंडाळून अभिमनच्या रोपवाटिकेत गेला. अभिमन पाचोऱ्याकडचा. त्याने काडी नाकाशी धरली, वाकवली, मोडली.

"कादरभाऊ, बठ्ठा दोष पाणीना शे. बुडवून मारलीस तिला."

कादरने पाणी कमी केलं. पाचवी खेप तहानेने गेली. मग अभिमनने काडी पेन्सिलीएवढी जाड घ्यायला लावली, खालची पानं काढायला लावली, मातीत वाळू मिसळायला लावली. सहावी काडी वर हिरवी राहिली, खाली कुजली.

"आधी घरी पिशवीत रुजव, मग तिकडे ने," अभिमन म्हणाला.

"कबरीवरच लाव, असं सांगून गेलीय."

"मग त्यांनाच विचार!" अभिमन वैतागला. "बरं, कुजली हे तुला कळलं कसं?"

"दर शुक्रवारी उपटून बघतो ना. मुळं आली का ते कळायला नको?"

अभिमनने कपाळावर हात मारला. "भाऊ, तुझं पोट दर शुक्रवारी फाडून बघितलं, तर तू जगशील का?"

सातव्या काडीला कादरने हात लावला नाही. उलट तो कूलर बनवणारा माणूस, त्याने पत्र्याची चौकट ठोकली, चारी बाजूंनी वाळ्याचे पडदे लावले, वर पाण्याचा डबा टांगला. बाहेर पंचेचाळीस अंश, आत महाबळेश्वर.

कब्रस्तान सांभाळणारा हसीब बराच वेळ बघत उभा राहिला. "कादरभाई, मला आत्ताच इथे पुरा. घरी असला गारवा नाही."

तिसऱ्या दिवशी कमिटीने पक्क्या बांधकामाला मनाई आहे म्हणून चौकट उचलून नेली. काडी दुपारपर्यंत टिकली.

मे महिन्यात कादरला फुरसत मिळाली नाही. अख्ख्या शहराला कूलर हवे होते. हसीबलाही फुरसत नव्हती. उन्हाने माणसं जात होती आणि तो निंबाच्या बुंध्याला खेटून, सावली धरून खोदत होता.

जूनमध्ये कादर आठवी काडी घेऊन गेला. कबरी सगळ्या कच्च्या, वर ना दगड ना नाव. निंबापासून पाचवी, हे मात्र त्याला झोपेतही पाठ होतं. त्याने काडी तिरपी कापली, खोचली, माती दाबली, दुआ मागावी तशी ओंजळ केली आणि म्हणाला, "अम्मी, आता पुरे."

पुढचे सहा शुक्रवार तो फक्त पाणी घालून मागे फिरला. सातव्या शुक्रवारी काडीवर तांदळाएवढी दोन पानं होती. महिन्याभरात फांद्या फुटल्या. हलवली तर काडी हलेना.

कादरने फोन केला तशी मेहरुन दुसऱ्याच दिवशी धुळ्याहून आली. तिने पानांना हात लावला आणि कादरच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. "माफ केलं रे तुला. मी उगाच बोलत राहिले." आठ महिन्यांत पहिल्यांदाच कादरचा श्वास खाली पोटापर्यंत गेला.

हसीब फावडं टेकून उभा होता. त्याचेही डोळे भरले होते.

"पोटची पोरं वळून बघत नाहीत आणि तुम्ही एवढं केलंत," तो म्हणाला. "शकुराबीला शेजारी मिळाला तर असा."

"अम्मीची कबर आहे ही," कादर म्हणाला. "निंबापासून पाचवी."

"होती पाचवी. मे महिन्यात निंबाखाली एक वाढली ना, तेव्हापासून शकुराबी पाचवी, अम्मी सहावी." हसीबने शेजारी बोट दाखवलं. तिथे गवताची काडीसुद्धा उगवली नव्हती.

मेहरुनने हिरव्या झाडाकडे पाहिलं, उघड्या मातीकडे पाहिलं, मग भावाकडे.

"भाईजान, परत तिलाच दिलीस?"

रुजलेली मेहंदी हलवली तर जगायची नाही, असं अभिमनने फोनवर सांगितलं. सोमवारी कादरने कमिटीकडे रीतसर अर्ज दिला: "तरी कब्रस्तानच्या रजिस्टरात पाच व सहा क्रमांकांच्या मयतांची नावे आपसांत बदलून मिळावीत, ही नम्र विनंती. दोघींपैकी कोणाचीही हरकत असल्यास तिने सात दिवसांच्या आत समक्ष हजर राहून लेखी कळवावी. माझ्या आईने तोंडी कळवले तरी चालेल."