सव्वा तासाची सोबत

अंबूबाईची नात सृष्टी कॅनडात, पार उत्तरेला, छोटं विमान चालवायची. बर्फातल्या दोन विमानतळांमधलं अंतर साडेचारशे किलोमीटर, मधे ना घर ना दिवा. वेळ सव्वा तास.

कुरवंड्याहून लोणावळ्याला दूध घालायला जाताना अंबूबाईला पायी तेवढाच वेळ लागायचा. म्हणून सकाळी सृष्टीचा "निघते गं आजी" असा फोन आला, की मगच ती किटली उचलायची. शेजारणीला म्हणायची, "येवढ्या आभाळात पोरीला येकटीला कसं धाडू?" आणि ती लोणावळ्यात पोचली, की "उतरले" म्हणून फोन यायचाच.

आज वाटेत गुडघा लय दुखला. अंबूबाई दगडावर टेकली. डोंगरावरनं ढग सावकाश खाली येत होते. ते बघता बघता तिचा डोळा लागला. जाग आली तशी ती लगबगीनं निघाली.

लोणावळ्यात पाऊल टाकलं आणि फोन वाजला.

"आजी, आज उशीर झाला गं. खाली ढग होते, वीस मिनिटं वरच घिरट्या घालत बसले."

अंबूबाई ओशाळली.

"चुकलं माजं, बाय," ती म्हणाली. "आता मधी न्हाई बसायची."