अजून एक बुडबुडा

सोमवारी ॲडलेडच्या गॅरेजात टॅमझिनची पहिली नोकरी सुरू होणार होती, म्हणून शनिवारी सकाळी सातलाच ती पोर्ट ऑगस्टाहून निघणार होती. पण आयत्या वेळी बाइकच्या क्लचच्या तेलाच्या नळीत हवा शिरली, लीव्हर भिजल्या पावासारखा मऊ पडला, आणि दुपारचे तीन वाजले तरी बाप-लेक पत्र्याच्या शेडमध्ये माश्या हाकलत बसले होते. ती लीव्हर दाबून धरायची, डॅड खाली बसून नळीच्या टोकाचा छोटा नट सैल करायचा, आणि तेलाबरोबर एक बुडबुडा बाहेर यायचा.

"दाब. धर. हं, सोड आता."

"गेली का हवा?"

"कुठली जाते. तुझ्या आजीसारखी चिवट आहे. पुन्हा दाब."

आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "एवढ्या वेळात पोरगी चालत ॲडलेडला पोचली असती, बेव्हन."

डॅडने मान वर केलीच नाही. "आज काही हिचं निघणं होत नाही. उद्या जाईल. तू कोकराची तंगडी भाजायला टाक."

आधी नट घट्ट करायचा आणि मगच लीव्हर सोडायचा, नाहीतर बाहेरची हवा परत आत ओढली जाते, हे टॅमझिनला नवव्या वर्षी डॅडनेच शिकवलं होतं. आज सकाळपासून मात्र डॅड नट घट्ट न करताच "सोड" म्हणत होता.



आणि तीही दर वेळी निमूटपणे सोडत होती.