लाल फुली
युवास्कुला शहरात वेन्लाला डॉक्टरेट मिळाल्याची मेजवानी रंगात आली होती. आभार मानताना तिनं मार्गदर्शक तेल्लेर्वोबाईंना एक फ्रेम भेट दिली. आत तिचा पहिला आलेख होता आणि एका बिंदूवर लाल फुली. "असल्या घोडचुका करायचे मी!" शेजारच्या परीक्षकांनी चष्मा चढवला. "चूक कसली? अणूच्या केंद्रकातला न्यूट्रॉन सैल बांधलेला असला की ऊर्जेच्या पातळ्यांची उतरंडच बदलते. ही पातळी अश्शीच खाली येते, आम्ही परवाच मोजलंय. तुम्ही हे केव्हाच पकडलेलं! फुली कुण्या शहाण्यानं मारली?" तेल्लेर्वोबाईंनी तोंडाशी नेलेला माशाचा घास परत ताटात ठेवला. 'असं होऊच शकत नाही' म्हणत त्यांनीच ती मारली होती, पोरीला अवाक्षर काढू न देता. वेन्लानं त्यांच्याकडे पाहिलं. "ती शहाणी मीच," ती म्हणाली. सगळे हसले. तेल्लेर्वोबाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं, आणि त्याही हसल्या.