घड्याळाच्या आड

तायडीचे कान असे, की मुंगी शिंकली तर कुठल्या कोपऱ्यात शिंकली ते सांगावं. डोळ्यांवर चष्मा चढवून खेळायच्या खेळांना ती आवाज देई. आवाजाच्या आड कुणी आलं की तो खऱ्यासारखा दबायचा, ही तिची करामत.

संध्याकाळपर्यंत खेळ दिला नाही तर तिचं आणि दादाचं, दोघांचंही काम जाणार होतं. आणि खेळातल्या शेवटच्या खोलीतलं घड्याळ काही मोकळं वाजेना. जणू मध्ये कुणी उभं होतं.

"कपाट काढायला विसरलीस, दुसरं काय!" दादा म्हणाला.

तिनं कपाट काढलं, खुर्ची काढली, खेळातल्या भिंतीसुद्धा पुसून टाकल्या. उरलं नुसतं घड्याळ. ती डावीकडे सरकली, तशी टिकटिक मोकळी झाली. क्षणभरानं पुन्हा दबली. मध्ये जे कुणी होतं, तेही डावीकडे सरकलं होतं.

"जळलं मेलं!" म्हणत तिनं चष्मा आणि हेडफोन भिरकावले. बाहेर लख्ख दुपार, टेबलापलीकडे दादा, मध्ये काही नाही.

"दादा, माझ्याच्यानं नाही होत."

दादानं कानामागे हात धरला. "मोठ्यानं बोल की, तायडे! कुणाच्या पाठीआडून बोलल्यासारखी काय बोलतेस?"

त्याचा आवाजही तिला तसाच ऐकू आला.